हुकूम कोणाला सोडला?

एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची झाली, तर तुम्ही काय करता? चित्र पकडता, ओढता आणि सोडता. पट्टी भरली की काम झाले! त्या वेळी दोन संगणकांमध्ये काय बोलणे झाले, हे मात्र तुम्हांला दिसत नाही. हे बोलणे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः वाचावे, असे माझे मत आहे. आणि त्यासाठी जुनी एफटीपी पद्धत फार सोयीची आहे.

एफटीपी म्हणजे 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल', फाइलींची ने-आण करण्याचे ठरलेले नियम. त्यांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले होते. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये या नियमांची सुधारलेली आवृत्ती निघाली. आजही पाया तोच आहे.

आता नीट लक्ष द्या. एफटीपीचा प्रोग्रॅम सुरू करून तुम्ही दूरच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडणी केलीत की तुमच्यापुढे संगणक एक नसतो, दोन असतात. 'सीडी' लिहिलेत तर सर्व्हरवरचा फोल्डर बदलतो. 'एलसीडी' लिहिलेत तर तुमच्याच संगणकावरचा. एका अक्षराचा फरक, पण हुकूम ऐकणारा निराळा!

माझ्या एका विद्यार्थ्याने लंबकाच्या प्रयोगाची मोजमापे सर्व्हरवर ठेवली होती. त्याच नावाची जुनी, अर्धवट फाइल त्याच्या संगणकावर होती. नवी आणण्याआधी जुनी पुसावी म्हणून त्याने जोडणी चालू असतानाच 'डिलीट' अशी आज्ञा दिली. उत्तर आले २५०, म्हणजे काम फत्ते. पुसली गेली होती ती सर्व्हरवरची पूर्ण फाइल! "संगणकाने घोटाळा केला," असे तो म्हणाला. मला ते मान्य नाही. सर्व्हरने सांगितले तेवढेच इमानाने केले. आपल्याच संगणकाला हुकूम द्यायचा, तर आज्ञेच्या आधी उद्गारचिन्ह घालावे लागते. ते त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि हा दोष आम्हा शिक्षकांचा.

आणखी एक गंमत. तुम्ही लिहिता तेच शब्द सर्व्हरकडे जातात असे नाही. तुम्ही 'गेट' लिहिता, पण तुमचा प्रोग्रॅम दुभाष्यासारखा वागून सर्व्हरला 'आरईटीआर' ही आज्ञा धाडतो. 'सीडी'चे 'सीडब्ल्यूडी' होते. आधी 'डीबग' लिहून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष गेलेली प्रत्येक आज्ञा पडद्यावर दिसेल. दुभाष्याला बाजूला सारून बोलायचे असेल तर 'क्वोट' लिहावे. त्यापुढचा मजकूर जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो. 'क्वोट एसवायएसटी' लिहून पाहा, सर्व्हर स्वतःच्या कार्यप्रणालीविषयी सांगेल.

प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तीन अंकी संख्या असते. पहिला अंक १ असेल तर काम सुरू झाले, २ तर पुरे झाले, ३ तर आणखी माहिती हवी. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा; आणि ५ म्हणजे साफ नकार. म्हणूनच १५० पाहून उठू नका, २२६ येईपर्यंत थांबा. फाइल सुखरूप आल्याची खात्री होण्याआधी सर्व्हरवरची प्रत पुसणारे महाभाग मी पाहिले आहेत!

"सर, हे आता कोण वापरते?" असे तुम्ही विचाराल. खरे आहे. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. या पद्धतीत पासवर्डही उघड्या पत्रासारखा जातो, म्हणून इंटरनेटवर ती वापरू नये हेच बरे. पण जे उघडे असते तेच वाचता येते, आणि शिकण्यासाठी मला तोच गुण वाटतो. शिक्षकांनी प्रयोगशाळेतले दोन संगणक एकमेकांना जोडावेत, तात्पुरते खाते आणि निरुपयोगी पासवर्ड द्यावा, आणि एक तास या बोलण्याला द्यावा. पाठ्यपुस्तकातली व्याख्या त्या दिवशी राहिली तरी चालेल.

त्या तासाला एक प्रयोग जरूर करा. एफटीपीत आज्ञांसाठी एक जोडणी असते आणि फाइलीतील मजकुरासाठी दुसरी, स्वतंत्र जोडणी करावी लागते. 'गेट' लिहिले की फाइल येते. आता तीच फाइल 'क्वोट आरईटीआर' लिहून मागा. बहुधा ती येणार नाही. ४२५ अशी संख्या येईल. दुभाष्या मुकाट्याने करत असलेले कोणते काम या वेळी राहून गेले, ते 'डीबग'च्या ओळी शेजारी शेजारी ठेवून शोधून काढा.