भाड्याच्या हिशोबात आडनावाचा रकाना

‘घर विकत घेऊ नका, भाड्याने राहा आणि उरलेले पैसे म्युच्युअल फंडात टाका,’ हा सल्ला आज सगळीकडे ऐकू येतो. गणित म्हणून तो चुकीचा नाही. पण तो ज्या भाडेकरूला डोळ्यांपुढे ठेवून दिला जातो, त्याचं आडनाव ऐकून कोणी दार लावून घेत नाही. आपल्या हिशोबात एक रकाना जास्त असतो. तो भरल्याशिवाय बेरीज बरोबर येणार नाही.

आधी साधं गणित. ३६ लाखांचं घर, त्यात ६ लाख स्वतःचे, ३० लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण २६,००० रुपये. एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. तसंच घर आज १२,००० रुपये भाड्याने मिळतं असं धरू. दरवर्षी ५ टक्के वाढ झाली तर विसाव्या वर्षी भाडं ३०,००० च्या वर जातं आणि २० वर्षांत साडेसत्तेचाळीस लाख संपतात. भाडेकरूने सुरुवातीचे ६ लाख आणि पहिल्या वर्षांत दरमहा वाचणारे १४,००० रुपये शिस्तीने गुंतवले, तर त्याच्याकडेही मोठी रक्कम जमेल. प्रश्न एवढाच, की ते १४,००० आपल्या हातात उरतात का?

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त मांडला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना मिळणारा नकार आणि घातल्या जाणाऱ्या जाचक अटी त्यात नोंदल्या आहेत. माझा अनुभव वेगळा नाही. दहा वर्षांत मी पाच घरं बदलली. दर वेळी एक महिन्याची दलाली, टेम्पोचे पैसे, परत न मिळालेलं डिपॉझिट. ‘फक्त व्हेज फॅमिली’ म्हणणाऱ्या सोसायट्या सोडून ऑफिसपासून लांब राहिलो, त्याचा प्रवासखर्च वेगळा. कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये हे पैसे दिसत नाहीत.

परदेशी पदव्या घेऊन १९१७ साली बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधलं आणि त्यात ग्रंथांना जागा दिली.

दुसरा फायदा कागदाचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घराला ना सातबारा, ना सिटी सर्व्हेचा उतारा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि आपले आईवडील तिथेच अडतात. नावावर असलेलं घर मुलांसाठी हे दार उघडू शकतं.

मात्र घाई नको. सवर्ण सहकाऱ्याचे ६ लाख बरेचदा वडिलांकडून येतात. आपण उलट गावी पैसे पाठवत असतो. म्हणून पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरू नका. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा धरा. पुढे मेंटेनन्स आणि घरपट्टीही आहेच. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. नवं बांधकाम असेल तर रेरा नोंदणी तपासा. घर पत्नीच्याही नावावर करा; अनेक राज्यांत स्त्रियांना मुद्रांक शुल्कात सवलत आहे. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज आधी फेडलं तर दंड लागत नाही, म्हणून दरवर्षी एक हप्ता जादा भरा. वरच्या उदाहरणात तेवढ्याने तीन वर्षांहून अधिक काळ वाचतो.

विकत घेतानाही आडनाव विचारलं जातं, हे मला माहीत आहे. पण खरेदीखत नोंदल्यावर अकरा महिन्यांनी ‘घर रिकामं करा’ म्हणायला कोणी येत नाही. जमत असेल तर घ्या, जमत नसेल तर आजपासून डाउन पेमेंटचं खातं उघडा. जय भीम.