पत्रावरील तारीख

पंथ सोडून गेलेल्या माणसाचीं जुनीं पत्रें हातीं आलीं कीं दोन पक्ष त्यांवर तुटून पडतात. श्रद्धाळू म्हणतात, 'हा मुळांतच कच्चा होता'. विरोधक म्हणतात, 'हा तेव्हां भोळा होता'. दोघांचीही रीत एकच: शेवट आधीं पाहावयाचा आणि त्याच्या मापानें आरंभ कापावयाचा.

अमेरिकेंतील मॉर्मन पंथाच्या विल्यम मॅक्लेलिन याचें उदाहरण घ्या. हा इलिनॉय प्रांतांतील शाळामास्तर. १८३१ सालीं, पत्नीवियोगाचें दुःख ताजें असतांना, त्यानें या नव्या पंथाच्या प्रचारकांचीं व्याख्यानें ऐकलीं आणि शेंकडों मैल घोड्यावरून मिझुरीस जाऊन बाप्तिस्मा घेतला. १८३२ च्या ऑगस्टांत त्यानें आपल्या आप्तांस दीर्घ पत्र लिहून या मतांतराची हकीकत सांगितली. १८३५ सालीं तो पंथाच्या बारा प्रेषितांपैकीं एक झाला. १८३८ सालीं बहिष्कृत झाला.

पुढें त्याच्या कागदपत्रांत पंथाला हादरविणारें कांहीं आहे, अशी वदंता पसरली. ते कागद आपल्याजवळ आहेत, अशी बतावणी १९८५ सालीं, मार्क हॉफमन या बनावट दस्तऐवज करणाऱ्यानें केली. जवळ कांहींच नव्हतें. बिंग फुटूं नये म्हणून त्यानें सॉल्ट लेक सिटींत बाँब ठेवून दोघांचे प्राण घेतले. पुढच्याच वर्षीं मॅक्लेलिनच्या रोजनिशा पंथाच्या स्वतःच्याच तिजोरींत सांपडल्या. १९०८ सालीं घेऊन त्या तेथें विसरल्या गेल्या होत्या! १९९४ सालीं त्या छापून निघाल्या. त्यांत स्फोटक असें कांहीं नव्हतें. गांवोगांव हिंडून उपदेश करणारा एक कळकळीचा श्रद्धावान् मात्र होता.

कोणी विचारील, उत्तरायुष्याचा प्रकाश पूर्वीच्या पत्रांवर पडूंच नये काय? अवश्य पडावा, परंतु प्रकाशाचें काम दाखविण्याचें, रंग बदलण्याचें नव्हे. मॅक्लेलिन मुळांतच खोटा होता असें श्रद्धाळूंनीं म्हटलें, तर त्याला प्रेषित निवडणाऱ्यांची दिव्यदृष्टि कोठें गेली होती? सव्विसाव्या वर्षीं तो मूर्ख होता असें विरोधकांनीं म्हटलें, तर बत्तिसाव्या वर्षींची त्याची साक्ष ते कोणत्या तोंडानें पुढें करतात? शिवाय स्मिथचें नेतृत्व झुगारूनही मॉर्मन ग्रंथावरील विश्वास त्यानें अखेरपर्यंत सोडला नाहीं. ही गोष्ट दोन्ही पक्षांना सारखीच अडचणीची आहे.

ज्याची श्रद्धा खोटी ठरविली, त्याच्या त्यागालाही मोल उरत नाहीं. म्हणून १८३२ चें पत्र १८३२ चेंच म्हणून वाचावें. तें लिहिणाऱ्याला १८३८ साल ठाऊक नव्हतें.