लाखाची भाजी

‘वीकेंडला काय करतोस?’ असं पुण्यातल्या जुन्या टीममधल्या कुणी फोनवर विचारलं की मी सांगतो, ‘शेती!’ समोरून जो हशा पिकतो तो आता सवयीचा झालाय. पण खरंच मंडळी, इथे पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनमधल्या आमच्या टाऊनहाऊसच्या मागच्या भिंतीवर मी हॉप्सचा वेल लावलाय. एकच वेल. पण त्या एका वेलानं घरात जे रामायण घडवलं ते आज सांगतोच.

आधी थोडं ज्ञान. (बोअर होणार असेल तर पुढच्या पॅराला उडी मारा, मी रागावणार नाही.) बिअरमध्ये मुळात चारच गोष्टी. पाणी, बार्लीचं माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. माल्टचं पाणी नुसतं उकळलं तर ते गोडमिट्ट लागतं. त्याला कडवटपणा आणि वास देतात ती हॉप्सची बोंडं. थोडक्यात, हॉप्स म्हणजे बिअरची फोडणी. शिवाय हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही. मायक्रोब्रुअरीत बसून तुम्ही ऐटीत जी आयपीए मागवता, त्यातला ‘आय’ म्हणजे इंडिया! लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीची भरपूर हॉप्स घातलेली बिअर जहाजांतून आपल्याकडच्या साहेबलोकांसाठी यायची, तेव्हापासूनचं हे प्रकरण.

अमेरिकेत घरी बिअर बनवायला कायद्यानं मुभा आहे. अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये त्या विधेयकावर सही केली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बनवणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा पुणेकरांनो, हे वाचून बादली घेऊन बसू नका! वेल तरी लावू का, असं विचाराल, तर तेही अवघडच. हॉप्सला हिवाळ्यात कडक थंडीची झोप लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. आमच्याकडे जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांच्याही वर जातो, पुण्यात जेमतेम सव्वातेरा. छोट्या दिवसात वेल उंच व्हायच्या आधीच फुलायला लागतो आणि हाती येतात मोजकी बोंडं. आपल्या देशात हे पीक घेतलं गेलं ते पार वर, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात.

तर आमचं बेणं शेजारच्या आजोबांनी दिलं. बोटभर लांबीचं मूळ, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. जात कॅस्केड. इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार झालेली, १९७२ पासून शेतकऱ्यांच्या हाती असलेली. पहिल्या वर्षी मूठभर बोंडं आली. वेल आधी जमिनीखाली जम बसवतो, खरं पीक पुढच्या वर्षापासून.

आणि त्या पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या एप्रिलमध्ये, बायकोच्या बाळंतपणासाठी आई आणि अण्णा आले. सहा महिन्यांसाठी.

अण्णा म्हणजे मिरज पूर्व भागातले शेतकरी. सगळा जन्म पानमळ्यात गेला, जोडीला थोडी हळद. गळ्यात माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही. आणि दारू हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. त्याचं कारण माळ नव्हे. माझे धाकटे काका दारूपायी गेले. मी नववीत होतो. त्यांच्या वाटणीची जमीन आधी गेली, मग ते.

त्यामुळे अण्णा यायच्या आधी मी काय केलं असेल? काचेचे मोठे बुधले, बादल्या, नळ्या, सगळं गॅरेजमध्ये सुटकेसच्या मागे ढकललं. वेल काही ढकलता येईना!

दुसऱ्याच दिवशी, जेट लॅगमुळे पहाटे चारला उठलेले अण्णा उजाडल्यावर मागच्या अंगणात जाऊन उभे. मातीतून जांभळट कोंब वर आलेले. मी चहा घेऊन गेलो.

“काय रं हे?”

“हॉप्स, अण्णा.”

“म्हंजे ती लाखाची भाजी?”

मला क्षणभर कळेना. मग ट्यूब पेटली. २०२१ मध्ये ती बातमी आली होती बघा, बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्यातला शेतकरी हॉप्सचे कोंब पिकवतो आणि ते लाख रुपये किलोनं विकले जातात, जगातली सगळ्यात महाग भाजी वगैरे. पत्रकार बघायला गेले तर शेतात असं काही पीकच नव्हतं. पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो? आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाखाची भाजी अजून जिवंत होती.

“हो, तीच,” मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते, की मलाच आश्चर्य वाटलं.

तसं अगदीच खोटं नव्हतं. कोंब खातातच. एका दोरीवर दोन-तीनच कोंब चढवायचे असतात, बाकीचे छाटून टाकावे लागतात. ते छाटलेले अण्णांनी धुतले, लसूण आणि हिरवी मिरची घालून परतायला लावले. कडसर लागतात. “लाखाची नाही, पण बरी हाय,” हा अण्णांचा शेरा.

आई नातीत गुंतली आणि अण्णा वेलात. वेल चढवायला मी दुकानातून आणलेली दोरी त्यांनी हातात घेऊन बघितली. “हा तर काथ्या!” खरंच काथ्या. इथल्या हॉप्सच्या शेतात अठरा-अठरा फूट उंच तारा असतात आणि दर वसंतात तिथून खाली नारळाचा काथ्या सोडतात. नारळाचं एक झाड नाही इथे, आणि बिअरचा वेल चढतो काथ्यावर! अण्णा जाम खूश झाले. (अर्थात ‘बिअर’ हा भाग मी गाळला होता.)

पानवेल ठिकठिकाणी बांधावा लागतो. हॉप्सचं तसं नसतं. त्याला तणावे नाहीत, पण देठावर बारीक आकडेदार केस असतात. त्यांच्या जोरावर तो स्वतःच दोरीला पकडून गोल गोल चढतो. मी गुंडाळलेला शेंडा मात्र रोज सकाळी सुटलेला असायचा. तीन दिवस अण्णा नुसते बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, “तू उलटा गुंडाळतोयस. ह्यो घड्याळाच्या काट्यासारखा जातो.” दोन वर्षं पुस्तकं वाचून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना चार दिवसांत दिसलं.

मग रोजचा कार्यक्रम ठरला. सकाळी दोरीवर शेंड्यापाशी लोकरीचा धागा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी किती वाढला ते बघायचं. मे-जूनमध्ये हा वेल वेड्यासारखा वाढतो. ‘आज वीतभर’, ‘आज वीत आणि चार बोटं’, असा रिपोर्ट मला ऑफिसात, मीटिंगच्या मध्ये यायचा. इथल्या ओल्या वसंतात वेलाला भुरी-केवडा धरतो. म्हणून खालची तीन-चार फुटांतली पानं काढतात. ते मी सांगायच्या आधीच अण्णांनी काढली होती. “हवा खेळू दे. नाहीतर मर लागतो.” जुलैत इथे पाऊस पार थांबतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणीही तेच घालत. वेल दुसऱ्या मजल्याच्या पन्हाळीपर्यंत पोचला.

मला आनंद व्हायचा आणि पोटात गोळाही यायचा. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं.

सांगितलं शेवटी शेजारच्या आजोबांनी. ऑगस्टचा शेवटचा रविवार. ते कुंपणापाशी आले, एक बोंड तोडलं आणि मधून उभं फाडलं. आत पिवळीधमक पूड, ल्युप्युलिन. कडवटपणा आणि वास दोन्ही त्याच पुडीत. त्यांनी ते तळहातावर चोळलं आणि अण्णांच्या नाकापाशी धरलं. पपनसाच्या सालीसारखा वास येतो कॅस्केडला. अण्णा हसले. आजोबाही हसले, अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “गुड बिअर! व्हेरी गुड बिअर!”

अण्णांना इंग्रजी येत नाही. पण हा शब्द मिरजेतही हाच आहे.

दोन दिवस ते मागच्या दाराला फिरकले नाहीत. माझ्याशी बोलणं जेवण वाढण्यापुरतं. पाणी मीच घालत होतो, ते आतून बघत असणार हे जाणवत होतं. तिसऱ्या रात्री बाळ झोपेना म्हणून मी तिला घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो. अण्णा सोफ्यावर, अंधारात.

“तू पितोस, ते मला ठावं हाय,” ते म्हणाले. “मोठा झालास. तुझं तू बघ.”

मी काहीच बोललो नाही.

“पर धाकट्याबी असाच भाजीच्या पिशवीत लपवून आणायचा. आणि मी विचारलं की म्हणायचा, भाजी हाय.”

मी सॉरी म्हणालो. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे तो शब्द फार विचित्र वाटला. ते उठले, माझ्या हातातून बाळाला घेतलं आणि तिला थोपटत राहिले. पुढे काही बोलले नाहीत.

शनिवारी उठून बघतो तर अण्णा हातांना जुने टॉवेल गुंडाळून अंगणात उभे. (वेलाच्या त्या आकड्यांनी हातांवर ओरखडे उठतात, पुरळही येतो.) बोंडं दाबली की कागदासारखी वाजायला लागली होती, म्हणजे तयार. “पीक उभं वाळवत नाहीत,” एवढंच म्हणाले. पाच तास आम्ही दोघं खुडत होतो. ओली अडीच किलो भरली. खिडक्यांच्या जाळ्या काढून त्यावर पातळ पसरली, खालून पंखा लावला. बोंडाच्या आतली दांडी वाकवल्यावर कट्कन मोडली की वाळलं समजायचं. तीन दिवसांनी वजन केलं तर जेमतेम अर्धा किलो! अण्णांना नवल वाटलं नाही. हळद वाळवलेला माणूस. पाकिटं हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवली. एक मूठ त्यांनी कापडाच्या पुरचुंडीत बांधून स्वतःच्या बॅगेत टाकली. कशाला, ते मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात ते परत गेले. नोव्हेंबरात मी एक बॅच लावली, १९ लिटरची. घरच्या हॉप्सचा कडवटपणा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून कडूसाठी विकतचे घातले आणि आपले शेवटी, वासासाठी. झाली बरी. बुधले आता सुटकेसच्या मागे नसतात.

अण्णांचा फोन दर रविवारी येतो. नात, थंडी, उसाचा दर. बिअरचं त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये मात्र फोन आला तो बुधवारी, तिकडच्या पहाटे.

“कोंब फुटलं का रं?”

“फुटले. सात-आठ आहेत.”

“तीनच ठेव. आणि घड्याळासारखा गुंडाळ. इसरशील न्हाईतर.”