नकाराचीही नोंद हवी

पुणे-नगर रस्त्यावर रांजणगाव आणि सुपा या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये राळेगणसिद्धीकडे जाणारा फाटा लागतो. आपले कितीतरी वाचक कंपनीच्या बसने रोज तिथून ये-जा करतात. राळेगण म्हटलं की अण्णा हजारे आणि पाणलोटाची कामं आठवतात. आयटी विभागात राबणाऱ्यांनी मात्र या गावाच्या चळवळीतून आणखी एक गोष्ट उचलावी, असं मला मनापासून वाटतं: फायलीवरच्या टिपणीचा आग्रह.

माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. त्याला वर्ष व्हायच्या आतच फायलींवरचे शेरे त्यातून वगळण्याची दुरुस्ती केंद्र सरकारने पुढे आणली. निर्णय काय झाला ते बघा, पण कुणी काय सुचवलं आणि कुणी का अडवलं ते विचारू नका, असा त्याचा सरळ अर्थ होता. ऑगस्ट २००६ मध्ये अण्णांनी आळंदीत उपोषण केलं आणि दुरुस्ती बारगळली. टिपणी दिसली नाही तर जबाबदारी ठरत नाही, हे त्या लढ्याचं मर्म होतं.

आपल्या विभागांत तर टिपणी लिहिलीच जात नाही. मधल्या आकाराचा कुठलाही कारखाना घ्या. तीन पाळ्या चालतात आणि आयटी म्हणजे दोन माणसं, त्यातलं एक कंत्राटी. ईआरपीचा सर्व्हर, सीसीटीव्ही, हजेरीची मशीन, साहेबांचा प्रिंटर, सगळं याच दोघांच्या गळ्यात. गेटवरच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ आहे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. मायक्रोसॉफ्टने त्या विंडोजचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच थांबवला. बॅकअपची एकुलती एक हार्डडिस्क सर्व्हरच्याच रॅकमध्ये ठेवलेली. मीटिंगमध्ये विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘बघू पुढच्या क्वार्टरला, तोवर भागव.’ आयटीचा माणूस भागवतो. आणि ज्या दिवशी भागत नाही, त्या दिवशी त्यालाच विचारतात, ‘आधी का नाही सांगितलंस?’

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी ठप्प केली. आपल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडकलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. नंतर पत्रकारांनी खोदून काढलं, की सुरक्षा सुधारण्याचा प्रस्ताव तिथल्या आयटीतल्या मंडळींनी आधीच दिला होता. तो मंजूर झाला, पैसेही ठेवले गेले. पण वरच्या अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या मोजमापात तो कुठेच नव्हता, म्हणून पुढे सरकला नाही. पैसा असूनही ढिसाळ व्यवस्थापन काय करतं, ते यात दिसतं.

आता कायद्याचाही धाक आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. लॉगला डिस्क लागते, आणि सहा तासांत कळवायचं तर रात्रपाळीलाही जबाबदार माणूस लागतो. हे दोन्ही मागितलं होतं आणि मिळालं नाही, याचा कागद तुमच्याकडे आहे का?

तो कागद कसा लिहायचा? रडगाणं नको, आरोप तर नकोच. समजा, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्यात. मेल असा लिहा: ‘वीज गेल्यावर सर्व्हर चार मिनिटांत बंद पडतो. परवा चलन अर्धवट राहिलं आणि दोन ट्रक गेटवर थांबले. नव्या बॅटऱ्यांचं कोटेशन सोबत जोडलं आहे. मंजुरी मिळेपर्यंत वीज गेल्यावर डिस्पॅचने चलन हाताने करण्याची तयारी ठेवावी.’ प्रत डिस्पॅचला पाठवा. सगळा जोर शेवटच्या वाक्यात आहे. नकाराची झळ कुणाला बसणार हे डिस्पॅचवाल्यांना आधीच कळतं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये डिस्पॅचचा माणूस तुमच्या बाजूने बोलतो. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी त्याच मेलखाली लिहा, की उत्तर नसल्याने आहे तीच व्यवस्था चालू ठेवत आहे.

यावर साहेब चिडतील, ही भीती खरी आहे. कंत्राटी माणसाला ती जास्त, आणि तिच्यावर माझ्याकडे पक्का उतारा नाही. म्हणूनच विभागप्रमुख असलेल्या वाचकांना कळकळीची विनंती आहे. खालून आलेल्या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही, जे असेल ते कारणासह लिहून द्या. पैसे नसतात हे सगळ्यांना समजतं. गप्प बसून सगळा धोका सर्वांत कमी पगाराच्या माणसावर ढकलणं मात्र अन्याय आहे.

दोन-तीन बजेटं अशीच कोरडी गेली तर दुसरी नोकरी जरूर शोधा. जाताना पासवर्डांबरोबर या मेलांची फाइलही नव्या माणसाच्या हाती द्या आणि हँडओव्हरवर साहेबांची सही घ्या.