‘बघू’शी कसे लढायचे?

जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी १९९५पासून महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे होती. २००५मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, विधान परिषदेत ते अडकले. अधिवेशनांमागून अधिवेशने गेली, आश्वासने मिळत राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला. म्हणजे तो आधीही निघू शकला असता, ही बोच आम्हाला आजही सोडत नाही.

म्हणूनच या अंकात आम्ही विरोधकांपेक्षा विलंबाकडे निरखून पाहिले आहे: समित्या, फेरमसुदे, मतांची धास्ती. उघड नकाराशी लढता येते; ‘बघू, करू’ म्हणणाऱ्यांपुढे कार्यकर्त्यांची उमेदीची वर्षे सरतात. तुमच्या गावात, शाळेत, कचेरीत असा कुठला ठराव वर्षानुवर्षे रखडला आहे? आम्हाला जरूर लिहा.