नाडीच्या नोंदीवर मालकी कोणाची?

खापरखेड्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच उभारले गेले. त्यांचे वय निराळे, क्षमता निराळी. तरी त्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते, कारण सेकंदाला पन्नास आवर्तनांचा नियम सर्वांना सारखाच बांधून आहे. ही शिस्त बाजाराने आपखुशीने दिलेली नाही. निरनिराळ्या आवर्तनांच्या गोंधळातून ब्रिटनला १९२६ च्या कायद्याने बाहेर काढले. भारतात १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे जोडले जाऊन सारा देश एका आवर्तनावर आला.

रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राला मात्र ही शिस्त अद्याप लागलेली नाही. नाडी, रक्तदाब, श्वसन, तापमान आणि रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रांची बोली कंपनीगणिक बदलते. राखेच्या धुरळ्यात राबणारा एखादा कंत्राटी कामगार दम लागून गावच्या दवाखान्यात येतो व तेथून नागपूरच्या मेडिकलला पाठविला जातो, तेव्हा रुग्ण पोहोचतो आणि नोंदी मागेच राहतात. चिठ्ठीवर उतरवलेले दोन-चार आकडे, एवढाच त्याचा इतिहास! तीन तासांत प्राणवायू कसा घसरत गेला, हे पुढच्या डॉक्टरला कळावे तरी कसे?

दोन यंत्रे तारेने जोडल्याने हा प्रश्न सुटत नाही. नोंदीचे नाव, एकक आणि वेळ यांचा अर्थ दोन्हीकडे एकच हवा. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा मिनिटांचे अंतर असेल, तर औषध आधी दिले की रक्तदाब आधी घसरला, हेच ठरत नाही. यासाठीची मानके नाहीत असेही नाही. एचएल-७ ही संस्था १९८७ पासून या कामी आहे. केंद्र सरकारने आरोग्यनोंदींची मानके २०१३ साली जाहीर केली व २०१६ साली सुधारली. उणीव ज्ञानाची नव्हे, सक्तीची आहे. यंत्र विकणाऱ्याचीच आज्ञावली, त्याचीच दुरुस्ती आणि पुढचे यंत्रही त्याचेच, या साखळीत मक्तेदारीचा नफा दडलेला आहे.

सक्तीने नवे शोध खुंटतील, असा आक्षेप घेतला जाईल. पन्नास आवर्तनांच्या नियमाने विजेच्या मोटारींतील सुधारणा थांबल्या नाहीत, हे त्याचे उत्तर होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जोडलेल्या नोंदी मालकाच्या आणि विमा कंपनीच्या हाती पडल्या तर? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मुख्यतः संमतीवर भिस्त ठेवतो. परंतु पोटासाठी कंत्राटदाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्याची संमती कितपत मुक्त असते? म्हणून नोंदींची देवाणघेवाण उपचारापुरतीच राहिली पाहिजे आणि मालकाला त्या पाहण्याचा कोणताही अधिकार असता कामा नये.

राज्य सरकार हे वैद्यकीय यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक आहे. खुल्या मानकांवर न चालणारे यंत्र सरकारी पैशाने घेतले जाणार नाही, ही एक अट प्रत्येक निविदेत घालण्यास नवा कायदा लागत नाही. कामगार संघटनांनी पगार व सुरक्षिततेच्या मागण्यांबरोबर हीही मागणी मांडली पाहिजे. पडद्यावरचा आकडा पाहण्यास परिचारिकाच नसेल तर यंत्र व्यर्थ आहे. तेव्हा परिचारिकांच्या रिक्त जागा भरण्याची मागणी तिच्यापासून वेगळी काढता येणार नाही. वीज समाजाच्या मालकीची असावी असे म्हणणाऱ्या चळवळीने कामगाराच्या नाडीची नोंद कंपनीच्या कुलपात राहू देणे विसंगत ठरेल.