पात्यावरचा ठसा नेमके काय सांगतो?

१/ औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत पणजोबांच्या पेटीतून अजूनही एखादा घडीचा चाकू निघतो. शिंगाच्या मुठीचा, बहुधा बोरू तासण्यासाठी घेतलेला. पाते उघडले की बिजागरीलगत बारीक रोमन अक्षरे दिसतात: ‘रॉजर्स’, ‘शेफील्ड’, शेजारी एक तारा आणि माल्टाचा क्रूस. मग आंतरजालावर शोध होतो आणि अर्ध्या तासात तो चाकू ‘शंभूकालीन’ ठरतो.

२/ या गैरसमजाचे मूळ एका सनात आहे. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही शेफील्डची नामांकित पेढी आपल्या ताऱ्या-क्रुसासोबत १६८२ हे वर्ष मिरवीत असे. ते चिन्हाचे वय; चाकूचे नव्हे. तेच चिन्ह विसाव्या शतकातल्या पात्यांवरही उमटले आहे.

३/ दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. ‘देशाचे नाव नसेल, तर चाकू १८९१ पूर्वीचा’ हा नियम संग्राहकांच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सर्रास आढळतो. तो अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यावर बेतलेला आहे. त्या कायद्याने अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या चाकूला तो लावणे म्हणजे अमेरिकी संग्राहकाच्या चष्म्यातून मराठवाड्याचे घर पाहणे होय.

४/ येथील वस्तूंसाठी निराळे कायदे पाहावे लागतात. जर्मनीतील झोलिंगनचे कारखानदार आपल्या पात्यांवर शेफील्डचे नाव ठोकतात, ही इंग्रज कारागिरांची जुनी तक्रार होती. तिचीही भर पडून ब्रिटनमध्ये १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तशाच नावाचा कायदा १८८९ मध्ये झाला. म्हणून इंग्रजी धाटणीच्या नावाखाली ‘जर्मनी’ हा शब्द दिसला, तर चाकू बहुधा त्यानंतरचा. (‘मेड इन जर्मनी’ ही मुळात बदनामीसाठी योजलेली अक्षरे पुढे प्रतिष्ठेची खूण झाली, हा इतिहासाचा विनोदच.)

५/ येथे एक पेच आहे. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. तथापि विलायती मालाची नैसर्गिक वाट मुंबई बंदरातूनच जाई आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून मीटरगेज रेल्वे आल्यावर ती अधिकच सोपी झाली. शहर निजामाचे असले, तरी चाकूवरची अक्षरे मुंबईच्या कस्टमने तपासलेली असण्याचा संभव मोठा.

६/ ठसा हा पुरावा आहेच. परंतु तो प्रथमतः दाव्याचा पुरावा आहे. आपला माल कोणाच्या नावाने खपेल याविषयी विकणाऱ्याचा अंदाज त्यातून कळतो. हे चाकूंपुरते नाही. जर्मनीतल्या पासाऊच्या लोहारांचा धावता लांडगा झोलिंगनकरांनी उचलला. जिनोआच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरी हिंदुस्थानी लोहारांनी आपल्या पात्यांवर कोरल्या. अशी चंद्रकोर पाहून तलवार थेट इटलीला नेऊन ठेवणारा अभ्यासक निम्मेच वाचतो.

७/ उलट मराठ्यांना परदेशी पाते लपवावेसे वाटत नव्हते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेल्या रघुजी भोसले यांच्या तलवारीवर देवनागरीत त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आहे. त्याच ओळीत ‘फिरंग’ असा शब्दही आहे. पाते युरोपी, मूठ आणि मालकी येथली; दोन्ही गोष्टी अभिमानाने एकत्र. आज एखाद्या शस्त्रावर रोमन अक्षरे सापडली, की ‘मग हे आपले नव्हेच’ असा जो गलका होतो, त्याला ही एक ओळ पुरेशी आहे.

८/ घरातल्या चाकूकडेही याच दृष्टीने पाहावे. शेफील्ड की झोलिंगन, हा प्रश्न महत्त्वाचा. पण त्या चाकूने कोणत्या दप्तराचे बोरू तासले, हे शेफील्डच्या कोणत्याही नोंदवहीत मिळणार नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारले, तरच कळेल.

९/ आणि गंज दिसला म्हणून पॉलिशपेपर घेऊन बसू नये. ठसा जेमतेम केसाएवढा खोल असतो. चार हात फिरवले की साल, गाव, पेढी सारेच पुसले जाते. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तेलाचे बोट फिरवावे आणि तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे. सपाट उजेडात न दिसणारे अक्षर पुष्कळदा तेथे उमटते.